ज्या कंपनीत कुणालाच पैसे घालायचे नव्हते

सप्टेंबर २०२२. वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला न येता गुजरातला जाणार, अशी बातमी आली आणि आमच्या पुण्यातल्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत दोन तट पडले. प्रकल्प पळवला म्हणणारे एका बाजूला, आपल्याच सरकारने घालवला म्हणणारे दुसऱ्या बाजूला. आकडा सगळ्यांच्या तोंडी होता, १ लाख ५४ हजार कोटी रुपये. अर्धा तास वाद झाल्यावर टेस्टिंगमधल्या एका मुलीने चहा ढवळत विचारलं, "पण एवढे पैसे लागतात कशाला? आणि देतं कोण?" मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण टीममध्ये इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री असलेला मी एकटाच.

मला उत्तर देता आलं नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी ट्रान्झिस्टरची समीकरणं पाठ केली, सिम्युलेटरवर सर्किट काढली, पण चिपचा कारखाना नावाच्या गोष्टीत पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, याबद्दल एक ओळ शिकलो नव्हतो. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. आम्ही ज्या कारखान्यासाठी भांडलो तो तळेगावला झाला नाही आणि गुजरातलाही झाला नाही. तिचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. उत्तर शोधत मी तैवानला जाऊन पोहोचलो, अर्थात वाचनातून. आज जगातल्या सर्वांत प्रगत चिपपैकी बहुतेक जिथे बनतात ती टीएसएमसी ही कंपनी १९८७ साली सुरू झाली. त्या वेळी तिच्यात पैसे घालायला जवळजवळ कुणीच तयार नव्हतं.

सोयाबीन दुधाच्या दुकानात

गोष्ट सुरू होते त्याच्या तेरा वर्षं आधी. ७ फेब्रुवारी १९७४ रोजी तैपेईतल्या एका साध्या सोयाबीन दुधाच्या दुकानात सात जण नाश्त्याला बसले. त्यांत तैवानचे अर्थव्यवहारमंत्री सुन युन-श्वान होते आणि अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत काम करणारे पान वेन-युआन होते. तैवान तेव्हा स्वस्त मजुरीवर चालणारा देश होता. कपडे, खेळणी, रेडिओची जुळणी. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांतली जागा गेली होती, १९७३ च्या तेलसंकटाने महागाई भडकली होती. पुढे काय करायचं, हा प्रश्न होता. पान यांनी सांगितलं, इंटिग्रेटेड सर्किट करा. वेळ किती लागेल? चार वर्षं. पैसे? एक कोटी डॉलर. मंत्र्यांनी होकार दिला.

ते पैसे नव्या कारखान्याच्या कोनशिलेवर खर्च झाले नाहीत. आदल्याच वर्षी सरकारने औद्योगिक संशोधनासाठी आयटीआरआय ही संस्था काढली होती. तिने १९७६ मध्ये आरसीएकडून तंत्रज्ञान विकत घेतलं आणि आपले तरुण इंजिनिअर शिकायला अमेरिकेला पाठवले. तंत्रज्ञान सात मायक्रॉनचं होतं, म्हणजे तेव्हाही जुनंच. आरसीए स्वतः या धंद्यातून बाहेर पडायच्या विचारात होती. पण परत आलेल्या मुलांनी शिन्चू गावात छोटा प्रायोगिक कारखाना चालू केला आणि थोड्याच काळात त्यांचं उत्पादन आरसीएपेक्षा सरस निघू लागलं. चिपच्या धंद्यात एका गोल चकतीवर, म्हणजे वेफरवर, शेकडो चिप एकदम बनतात. त्यातल्या किती चालतात, याला 'यील्ड' म्हणतात. शिन्चूचं यील्ड गुरूपेक्षा वर गेलं. ही एक गोष्ट पुढे फार कामाला आली.

१९८० मध्ये याच संस्थेतून यूएमसी ही कंपनी निघाली आणि शिन्चूला विज्ञान उद्यान उभं राहिलं. तरीही तैवान जगाच्या बरंच मागे होतं.

एका डॉलरचा फरक

मॉरिस चांग यांचा जन्म १९३१ चा, चीनमधल्या निंगबोचा. युद्ध आणि यादवीत बालपण गावोगाव पळण्यात गेलं. १९४९ मध्ये ते हार्वर्डला पोहोचले, वर्षभराने एमआयटीत गेले. तिथे पीएचडीच्या पात्रता परीक्षेत दोनदा नापास झाले. नोकरी शोधणं भाग पडलं. फोर्ड मोटर कंपनीने महिना ४७९ डॉलर देऊ केले, सिल्व्हेनिया नावाच्या कंपनीने ४८०. चांगनी फोर्डकडे थोडी वाढ मागितली, फोर्डने नाही म्हटलं, आणि हे गृहस्थ रागाने सिल्व्हेनियात, म्हणजे सेमीकंडक्टरमध्ये शिरले. पगाराची बोलणी फसल्यावर चिडून दुसरीकडे गेलेले माझ्या ओळखीत पाच-सहा जण तरी आहेत, त्यामुळे हा प्रसंग मला फार जवळचा वाटला.

१९५८ मध्ये ते टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सला गेले आणि तिथे पंचवीस वर्षं राहिले. उत्पादनाच्या साखळीत प्रत्येक टप्प्यावर काय बिघडतं, हे शोधून यील्ड वाढवणं हे त्यांचं कसब. कंपनीने त्यांना पगार देऊन स्टॅनफर्डला पाठवलं आणि १९६४ मध्ये राहिलेली पीएचडी झाली. पुढे ते सगळ्या सेमीकंडक्टर विभागाचे प्रमुख झाले. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांना कॅल्क्युलेटर-घड्याळांच्या विभागात हलवलं, मग आणखी बाजूला सारलं. १९८३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि जनरल इन्स्ट्रुमेंट या कंपनीत गेले.

तिथला एक किस्सा त्यांनी स्वतः सांगितला आहे. गॉर्डन कॅम्पबेल नावाचा उद्योजक त्यांच्याकडे नव्या चिप कंपनीसाठी पाच कोटी डॉलर मागायला आला. पुढे काही दिवस त्याचा पत्ता नाही. चांगनी फोन केला, तर तो म्हणाला, आता पाच कोटी नकोत, पन्नास लाखांत भागतं. कारण कारखाना बांधायचाच नाही, चिप डिझाइन करायची आणि दुसऱ्याच्या कारखान्यातून बनवून घ्यायची.

पाच कोटी आणि पन्नास लाख. चिप कंपनी काढण्यातला नव्वद टक्के पैसा कारखान्याचा होता. तो कुणीतरी वेगळा उचलला, तर डिझाइन करणारे कितीतरी जण धंद्यात उतरू शकतील. त्या काळी असे लोक इंटेल किंवा जपानी कंपन्यांच्या कारखान्यात उरलेली क्षमता भाड्याने घेत. पण ज्याच्या कारखान्यात चिप बनवायला द्यायची, तोच बाजारात तुमचा स्पर्धक. त्याचं स्वतःचं काम वाढलं की तुमची ऑर्डर शेवटी.

अठ्ठेचाळीस, साडेसत्तावीस आणि बाकी

१९८५ मध्ये चांग चौपन्न वर्षांचे असताना तैवान सरकारने त्यांना आयटीआरआयचं प्रमुखपद दिलं. थोड्याच दिवसांत मंत्री के. टी. ली यांनी बोलावून सांगितलं की तैवानला एक चिप कंपनी हवी आहे, योजना मांडा. चांगनी ताळेबंद मांडला. संशोधनात तैवान कच्चं. सर्किट डिझाइनमध्ये कच्चं. पेटंट जवळजवळ नाहीत. विक्री आणि मार्केटिंग शून्य. एकच गोष्ट बरी होती, ती म्हणजे प्रायोगिक कारखान्याचं यील्ड. मग जे येतं तेवढंच करायचं. स्वतःच्या नावाची एकही चिप विकायची नाही, फक्त दुसऱ्यांच्या बनवून द्यायच्या. यात डिझाइनही लागत नाही, मार्केटिंगही फारसं लागत नाही, आणि ग्राहकाला आपली भीती वाटत नाही.

आता पैसे. सरकारने आपल्या विकास निधीतून साधारण ४८ टक्के भांडवल द्यायचं ठरवलं, पण दोन अटी घातल्या. निम्म्याहून जास्त हिस्सा सरकारचा असणार नाही, आणि तंत्रज्ञान असलेली एखादी मोठी परदेशी कंपनी भागीदार हवी. मला या अटी पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटल्या. सरकारला इतकी खात्री होती तर पूर्ण पैसे का नाही दिले? नंतर लक्षात आलं की अटींचं कामच ते होतं. बाहेरच्या कुणालाही या योजनेत पैसे घालावेसे वाटत नसतील, तर योजना सुरू होण्याआधीच ते कळायला हवं.

आणि खरोखरच कुणाला वाटत नव्हतं. चांगनी अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या कंपन्यांना पत्रं लिहिली. इंटेल आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि नकार दिला. ज्या कंपनीला पंचवीस वर्षं दिली, तिनेही नाहीच म्हटलं. शेवटी हॉलंडची फिलिप्स तयार झाली. तिने ५ कोटी ८० लाख डॉलर दिले, उत्पादनाचं तंत्रज्ञान दिलं, पेटंट वापरायचा परवाना दिला आणि साडेसत्तावीस टक्के हिस्सा घेतला. परवान्याचं मोल पैशांपेक्षा कमी नव्हतं. फिलिप्सच्या पेटंटांच्या छत्रीखाली असल्यामुळे नव्या कंपनीवर खटले भरणं कुणाला सोपं नव्हतं.

उरलेले साधारण चोवीस टक्के तैवानच्या उद्योगपतींकडून यायचे होते. तेही उत्सुक नव्हते. प्लास्टिकचे सम्राट वांग युंग-चिंग यांना चांग भेटले, योजना समजावली, त्यांना ती पटली नाही. मग सरकारच्या वरच्या पातळीवरून फोन गेले. सरकारने तुमच्यासाठी इतकं केलं, आता तुम्ही देशासाठी थोडं करा, असा एकूण सूर. वांग यांच्या समूहाने पैसे घातले आणि पुढे तो हिस्सा विकून टाकला. तो आज ठेवला असता तर त्याची किंमत किती झाली असती, हा हिशोब तैवानमध्ये लोक अजून गंमतीने करतात.

इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. १९८६ च्या तैवानमध्ये लष्करी कायदा लागू होता, तो उठला जुलै १९८७ मध्ये. टीएसएमसी स्थापन झाली त्याच वर्षी फेब्रुवारीत. पंतप्रधानांच्या फोनला उद्योगपती नाही म्हणू शकत नव्हते, ते अशा राजवटीत. "तैवानसारखं करा" असं सहज म्हटलं जातं, तेव्हा त्या फोनचं काय करायचं, हेही सांगायला हवं.

रिकामं मशीनही पैसे खातं

टेस्टिंगवाल्या मुलीच्या प्रश्नाचा पहिला भाग होता, एवढे पैसे लागतात कशाला. उत्तर असं आहे की कारखान्याच्या इमारतीपेक्षा आतल्या यंत्रांची किंमत अवाढव्य असते आणि ती यंत्रं लवकर जुनी होतात. टीएसएमसी आपल्या यंत्रांची किंमत हिशोबात पाच वर्षांत संपवते. म्हणजे शंभर रुपयांचं मशीन आणलं की दरवर्षी वीस रुपये खर्च मांडायचा, मग त्यावर वेफर चालो किंवा न चालो. त्यामुळे कारखाना भरलेला असताना नफा भरपूर आणि ऑर्डर थोड्या घसरल्या की थेट तोटा. उलट पाच वर्षांनंतरही ते मशीन चालत असेल, तर त्यावरची प्रत्येक चिप मोठ्या फायद्याची. जुने कारखाने दूध देत राहतात आणि त्या दुधावर नवा कारखाना उभा राहतो.

म्हणून या धंद्यात भांडवल एकदा घालून संपत नाही. दर दोन-तीन वर्षांनी पुढची पिढी येते, तिची यंत्रं आणखी महाग, आणि तुम्ही एक पिढी चुकलात की पुढची गाठायला पैसे उरत नाहीत. एएमडीचे संस्थापक जेरी सँडर्स स्वतःचा कारखाना असणं हेच पुरुषार्थाचं लक्षण मानायचे. त्याच एएमडीने २००९ मध्ये आपले कारखाने वेगळे काढून अबू धाबीच्या पैशाकडे सोपवले. त्यातून ग्लोबलफाउंड्रीज झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये तिनेही ७ नॅनोमीटरच्या शर्यतीतून माघार घेतली. एएमडी आज आपल्या प्रगत चिप टीएसएमसीकडून बनवून घेते.

टीएसएमसीवरही वेळ आली होती. २००८-०९ च्या मंदीत ऑर्डर कोसळल्या, कंपनीने लोकांना काढलं, काढलेल्यांनी निदर्शनं केली. जून २००९ मध्ये सत्त्याहत्तर वर्षांचे चांग पुन्हा मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. त्यांनी काढलेल्यांना परत बोलावलं आणि सगळे हात आखडता घेत असताना खर्च वाढवला. २०१० मध्ये कंपनीने ५९० कोटी डॉलर कारखान्यांवर घातले, आदल्या वर्षीच्या दुपटीहून जास्त. तेव्हा स्मार्टफोनची लाट नुकती उठत होती. ॲपलशी बोलणी सुरू झाली. ॲपलचे जेफ विल्यम्स यांनी पुढे सांगितलं की त्यांच्या कामासाठी टीएसएमसीने ९०० कोटी डॉलर घातले आणि सहा हजार माणसांनी रात्रंदिवस काम करून अकरा महिन्यांत कारखाना उभा केला. २०१४ च्या आयफोनमध्ये तिथली चिप होती. हा लेख तुम्ही ज्या फोनवर वाचताय, त्यातला प्रोसेसरही त्याच कंपनीचा असण्याची शक्यता बरीच आहे.

फिलिप्सने आपले शेवटचे शेअर २००८ मध्ये विकले. सरकारच्या विकास निधीकडे आज सहा टक्क्यांच्या आसपास हिस्सा आहे. सुरुवातीचा धोका ज्याने घेतला, त्याने हळूहळू हात काढला आणि कंपनी आपल्या पायावर चालू लागली.

हिशोबाच्या दुसऱ्या पानावर

इथे थांबलो असतो तर हा लेख यशोगाथा झाला असता. पण तैवानचं सरकार दरवेळी जिंकलं नाही. मेमरी चिपच्या धंद्यात तिथल्या कंपन्यांनी प्रचंड पैसे गमावले. २००९ मध्ये त्यांना एकत्र आणून सरकारी पैशाने नवी मेमरी कंपनी काढायची योजना आली, ती संसदेत अडली. लष्करी कायदा जाऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती, आणि निवडून आलेले प्रतिनिधी विचारू शकत होते की लोकांचा पैसा यात का घालायचा.

आणि चिपला पाणी लागतं, तेही अतिशुद्ध आणि भरपूर. २०२१ मध्ये तैवानात मोठा दुष्काळ पडला तेव्हा अनेक भागांतल्या शेतीचं पाणी सरकारने बंद केलं, भरपाई दिली, आणि कारखान्यांसाठी टँकर धावले. शेत पडीक ठेवून मिळालेली भरपाई आणि पिकवलेला भात यांत काय फरक असतो, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. टीएसएमसीच्या भागधारकांच्या यादीत त्या शेतकऱ्यांचं नाव नसतं, पण त्यांचंही भांडवल त्यात गेलं.

आपला मोहालीचा कारखाना

भारताने सुरुवातच केली नव्हती असं नाही. पंजाबात मोहालीला सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि १९८४ मध्ये तिथे उत्पादन सुरू झालं, ५ मायक्रॉनपासून. टीएसएमसीच्या तीन वर्षं आधी. काही वर्षांतच तिथले लोक बरेच पुढे सरकले होते. ७ फेब्रुवारी १९८९ रोजी कारखान्याला मोठी आग लागली. तैपेईतल्या त्या नाश्त्याला बरोबर पंधरा वर्षं झाली त्याच दिवशी.

कॉलेजात कुणीतरी ही आगीची गोष्ट सांगितली होती, "नाहीतर आज आपण तैवान असतो" या वाक्यासकट. मीही ते वाक्य बरीच वर्षं वापरलं. आता वापरत नाही. कारखाना पुन्हा सुरू व्हायला १९९७ उजाडलं. चिपच्या जगात आठ वर्षं म्हणजे कितीतरी पिढ्या. आगीने एक कारखाना नेला, पण पुढच्या पिढ्यांसाठी लागणारा पैसा, परदेशी भागीदाराचं बाजारपेठेत घेऊन जाणं आणि जगभरचे ग्राहक हे काही आगीत जळालं नव्हतं. ते आधीपासूनच नव्हतं. २००६ मध्ये ही संस्था अंतराळ विभागाकडे गेली. तिथे आजही १८० नॅनोमीटरच्या चिप बनतात, इस्रोच्या रॉकेटसाठीचा 'विक्रम' प्रोसेसर तिथलाच. ते काम मोलाचं आहे, फक्त त्यातून पुढचा कारखाना उभा राहील एवढा नफा सुटत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने सेमीकंडक्टरसाठी ७६ हजार कोटींची योजना जाहीर केली. तिच्यातून फेब्रुवारी २०२४ मध्ये धोलेऱ्याच्या टाटांच्या कारखान्याला मंजुरी मिळाली. खर्च ९१ हजार कोटी, त्यातला निम्मा वाटा केंद्र सरकारचा. तंत्रज्ञान देणारी भागीदार तैवानची पीएसएमसी, म्हणजे पॉवरचिप. मेमरीच्या धंद्यात बुडता बुडता वाचलेल्यांपैकी ही एक. २०१२ मध्ये ती शेअर बाजारातून बाहेर फेकली गेली. मग दुसऱ्यांच्या चिप बनवून देत तिने कर्ज फेडलं आणि २०२१ मध्ये नव्या रूपात बाजारात परतली. सरकारचा निम्मा पैसा, परदेशी तंत्रज्ञान, देशी उद्योगपती. मांडणी बरीचशी १९८७ सारखीच दिसते. फरक इतकाच की तैवानात सरकारने पैशाच्या बदल्यात शेअर घेतले होते. आपल्याकडे तो पैसा अनुदान म्हणून जातो.

धोलेऱ्याच्या मंजुरीची बातमी आली त्या दिवशी मी टेस्टिंगवाल्या मुलीला गाठलं. ती आता दुसऱ्या टीममध्ये आहे. म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, दीड वर्ष लागलं. मग वरचं सगळं पाच मिनिटांत सांगायचा प्रयत्न केला. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे निम्मे पैसे आपण देणार. बरं. पण पाच वर्षांनी ती यंत्रं जुनी झाली की पुढच्या कारखान्याचे पैसे कोण देणार?"

पॅन्ट्रीतल्या वादात हे त्या दिवशी कुणीच विचारलं नव्हतं. मी चहा घेऊन आलो आणि आम्ही पुन्हा बसलो.